'शार्लट्स वेब' वर्गात मोठ्यानं वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना ई. बी. व्हाइट यांची 'शार्लट्स वेब' ही कादंबरी रोज थोडी थोडी वाचून दाखवायची आहे. इंग्रजीत वाचावी की मराठीत सांगावी, डुकराची गोष्ट मुलं मनावर घेतील का, शेवटचा मृत्यू जसाच्या तसा वाचावा का, आणि सिनेमा आधी दाखवला तर चालेल का?

मृत्यूचं आधी सांगते, कारण बाकीची आखणी त्यावरच ठरते. जसाच्या तसा वाचा. हे पुस्तक पहिल्या ओळीपासून मरणाबद्दल आहे. पहिल्याच वाक्यात आठ वर्षांची फर्न आईला विचारते की बाबा ती कुऱ्हाड घेऊन कुठं निघाले. विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाला मरणापासून वाचवायची खटपट पुढं वीस प्रकरणं चालते, आणि ज्या कोळिणीनं ती केली ती शार्लट एकविसाव्या प्रकरणात मरते. तिथं तुम्ही कच खाल्लीत, चार वाक्यं गाळलीत किंवा पदरचा दिलासा घातलात, तर आधी तीन-चार आठवडे मुलांशी जे बोललात ते खोटं पडतं. मुलांना ते लगेच कळतं. मन घट्ट करून तो भाग वाचणं तुम्हाला जमणार नसेल, तर या वर्षी दुसरं पुस्तक घ्या. अर्धवट वाचण्यापेक्षा ते बरं.

पुस्तक १९५२ सालचं, हार्पर अँड ब्रदर्सनं काढलेलं, गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांसह. प्रत घेताना ही चित्रं आहेत ना, आणि प्रकरणं पूर्ण २२ आहेत ना, हे दोन्ही पाहून घ्या. संक्षिप्त, 'सोप्या इंग्रजीतल्या' आवृत्त्या टाळा. त्यांत कथानक उरतं, पण गोठ्याचे वास, डोणीतलं खाणं, पावसाचा कंटाळवाणा दिवस हे सगळं कापलेलं असतं, आणि या पुस्तकाचा जीव तिथंच आहे. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रत घेताना मागचं पान उघडून शेवटच्या प्रकरणाचा क्रमांक बघितला की पुरे. दोन प्रती घ्या. एक तुमच्या हातात, दुसरी वर्गाच्या कोपऱ्यात चित्रं पाहायला. तुमच्या प्रतीत पेन्सिलीनं खुणा होतील, ती मुलांना देऊ नका; पुढचं काय येणार ते त्यांना तुमच्या खुणांवरून समजेल.

भाषेचं म्हणाल तर मराठी माध्यमाच्या चौथीला हे इंग्रजी झेपत नाही. व्हाइट यांची वाक्यं साधी आहेत, पण शेतावरचे शब्द पानोपानी येतात. एक वाक्य इंग्रजीत आणि लगेच त्याचं मराठी, ही शाळेत रुळलेली पद्धत इथं घातक ठरते, कारण ताल तुटतो आणि मुलं मराठीची वाट पाहत इंग्रजीकडं कानाडोळा करायला शिकतात. त्याऐवजी संपूर्ण प्रकरण मराठीत सांगा, पुस्तक हातात धरून, ओळींवर नजर ठेवून. प्रत्येक प्रकरणातला एकच उतारा, पाच-सहा ओळींचा, इंग्रजीत वाचा, तोही मराठीत सांगून झाल्यावर. अर्थ आधीच ठाऊक असल्यानं मुलं मग नुसता आवाज ऐकतात, आणि तो ऐकण्याजोगा आहे. यासाठी आदल्या रात्री प्रकरण दोनदा वाचावं लागतं: एकदा स्वतःसाठी, एकदा मोठ्यानं, मराठीत. जिथं अडखळाल तिथं समासात मराठी शब्द लिहून ठेवा. आयत्या वेळी भाषांतर करायला गेलं की वाक्यं 'जी की', 'ज्यामध्ये' करत लांबतात आणि मागच्या बाकावर चुळबुळ सुरू होते.

सगळं पुस्तक इंग्रजीत सलग वाचलं तर साधारण साडेतीन तास लागतात. मराठीत सांगून आणि मुलांच्या प्रश्नांसह त्याच्या दुप्पट धरा. १८ बैठका, प्रत्येकी २५ मिनिटांच्या. पहिली दोन प्रकरणं एका बैठकीत, सातवं-आठवं एकत्र, अकरावं-बारावं एकत्र, सतरावं-अठरावं एकत्र, बाकी सगळी एकेक. चौथ्या प्रकरणाला पाचवं जोडू नका. चौथं एकटेपणाचं आहे: दिवसभर पाऊस, विल्बरचे सगळे बेत पाण्यात, खेळायला कुणी तयार नाही, आणि रात्री अंधारात एक बारीक आवाज येतो की मी तुझी मैत्रीण होईन. तिथं पुस्तक मिटा. बोलणारी कोण हे मुलांनी एक रात्र मनात घोळवायला हवं.

महिना निवडताना कोळ्यांचा विचार करा. गणपती उठले की सुरू करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात टेकड्यांवर जाळी भरपूर असतात, त्याचा उपयोग पुढं येतो. सहामाही परीक्षेमुळं खंड पडणारच असेल तर तो चौदाव्या प्रकरणानंतर पडू द्या. पंधराव्यात रातकिडे उन्हाळा संपल्याचं गाणं म्हणतात आणि तिथून गोष्ट उताराला लागते. एकदा ते सुरू झालं की शेवटापर्यंत थांबायचं नाही. एकविसावं प्रकरण शुक्रवारी-शनिवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर अजिबात येऊ देऊ नका. त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाविसावं झालं पाहिजे.

वाचायच्या आधी एक चित्र फळ्यावर काढून ठेवा: विल्बर ज्या शेतकऱ्याकडं राहतो त्या झुकरमनचं कोठार. आपल्याकडचा गोठा बैठा, एकमजली असतो. हे कोठार उंच आहे. वर वाळलेल्या गवताच्या गंज्या, मधे गाईंची जागा, आणि गाईंच्या बरोबर खाली, दक्षिणेकडं उघडणाऱ्या तळघरात मेंढ्या, हंस आणि विल्बर. त्याची जागा शेणखताच्या ढिगापाशी. मुलं नाक मुरडतात, पण कुजणारं खत ऊब देतं, थंडीच्या मुलखात डुकराला ती जागा सोयीची, हे सांगितलं की ती विचारात पडतात. घरी गोबरगॅस किंवा कंपोस्टचा खड्डा असलेलं एखादं मूल वर्गात असतंच, त्याला बोलू द्या. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात शार्लटचं जाळं, तेही चित्रात दाखवा. मजले डोक्यात बसले नाहीत तर पुढं कोण कुणाला कुठून दिसतं याचा गोंधळ शेवटपर्यंत पुरतो.

आता डुक्कर. मराठीत ही शिवी आहे आणि पुण्याच्या मुलानं डुक्कर पाहिलेलं असतं ते नाल्याकाठी, उकिरड्यावर. पहिल्या दिवशी हशा होणार. दाबू नका, दोन मिनिटं हसू द्या आणि मग माहिती द्या. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून अंग गार ठेवायला ते चिखलात लोळतं. पुरेशी जागा असली तर ते झोपायच्या जागेपासून लांब घाण करतं. विल्बरलाही पुढं गवताचं स्वच्छ अंथरूण मिळतं. ज्यांच्या घरी डुक्कर निषिद्ध मानतात अशी मुलं वर्गात असतील तर पालकांना आधी एक ओळीची चिठ्ठी द्या: गोष्ट एका पाळीव डुकराला कापण्यापासून वाचवण्याची आहे. एवढं कळल्यावर हरकत घेतली जात नाही.

मुळशी, वेल्हे, जुन्नरकडून आलेली मुलं या पुस्तकात तुमच्याही पुढं असतात. घरी हातानं पाला खाऊ घालून वाढवलेलं बोकड जत्रेला कापलं जातं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. सातव्या प्रकरणात म्हातारी मेंढी विल्बरला सांगते की तुला धष्टपुष्ट करताहेत ते नाताळच्या सुमारास मारण्यासाठी, तेव्हा ही मुलं गप्प होतात. त्यांना उभं करून अनुभव विचारू नका. स्वतःहून कुणी बोललं तर ऐकून घ्या, आणि मांस खाणं चांगलं की वाईट हा वाद तिथं होऊ देऊ नका. पुस्तकात अ‍ॅरेबल (फर्नचे बाबा) आणि झुकरमन ही दुष्ट माणसं नाहीत. शेतावरचा रिवाज पाळणारी माणसं आहेत. व्हाइट स्वतः अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतावर राहत, वसंतात डुकराचं पिल्लू आणून हिवाळ्याच्या तोंडाशी कापत. त्यांचं एक डुक्कर आजारी पडलं, त्याला वाचवायला त्यांनी धडपड केली, ते मेलंच; त्यावरचा त्यांचा निबंध १९४८ साली छापून आला. या कादंबरीची मुळं तिथं आहेत. मुलांना हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्याला माहीत असलं की झुकरमनच्या तोंडी आपोआप खलनायकी सूर लागत नाही.

पहिल्या प्रकरणात मुलं विचारतात की अशक्त पिल्लाला मारतात तरी का. उत्तर सरळ द्या. विल्बरच्या वेतात अकरा पिल्लं होती. आईच्या सडांपाशी रेटारेटी होते, दुबळं पिल्लू ढकललं जातं, दूध मिळत नाही, आणि ते बहुतेक वेळा मरतंच. शेतकरी हा हिशेब करतो. फर्न त्या हिशेबाला हात न लावता दुसराच प्रश्न विचारते: मी जन्मले तेव्हा अशीच बारकी असते तर मला मारलं असतंत का? इथं एक श्वास थांबा. 'सांगा बरं, फर्नचं बरोबर की बाबांचं?' हा प्रश्न मात्र नको. तो विचारला की पहिल्याच दिवशी पुस्तकाचा धडा होतो.

आवाजांबद्दल. शार्लटला प्रेमळ आजीचा आवाज देऊ नका. ती हुशार, नेमकी, थोडी कठोर आहे. सातव्या प्रकरणात रडणाऱ्या विल्बरला 'मी तुला वाचवीन' म्हणते आणि त्याच दमात रडं बंद कर असंही बजावते. तिचं बोलणं तुमच्या नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश, शब्द स्वच्छ तोडून. विल्बरला किंचित वरची पट्टी पुरते. टेम्पल्टन उंदराला नाटकातल्या खलनायकाचा आवाज देण्याचा मोह फार होतो, तो आवरा. त्याला कंटाळलेल्या माणसाचा आवाज हवा, कारण तो वाईट नाही, आपमतलबी आहे, आणि दर वेळी मदत करतोच, मोबदला ठरवून. हंसीण शब्दांची शेपटी तीनदा ओढते. मराठीत ते 'नक्की-अक्की-अक्की', 'खरंच-अरंच-अरंच' असं छान जमतं, आणि दोन दिवसांत सगळा वर्ग तसं बोलू लागतो. बोलू द्या.

तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात डोणीतल्या खाण्याच्या याद्या येतात: साय काढलेलं दूध, गव्हाचा कोंडा, बटाट्याची सालं, उरलेसुरले तुकडे. वेळ वाचवायला वाचणारे नेमक्या याच याद्या गाळतात. गाळू नका. उलट, आपल्या स्वयंपाकघरातून विल्बरच्या डोणीत आज काय पडलं असतं हे मुलांना घरून लिहून आणायला सांगा. शिळी पोळी, भाताची खरवड, काकडीची सालं, ताक, चिंचेचा चोथा. वहीचं अर्धं पान. सबंध पुस्तकासाठी एवढा एकच लेखी उद्योग ठेवा.

पाचव्या प्रकरणात शार्लट माशीला भूल देऊन तिचं रक्त पिते आणि विल्बरला किळस येते. वर्गालाही येते. इथं विज्ञान पक्कं हवं. कोळ्याला चावून गिळता येत नाही. तो भक्ष्याला विषानं निपचित करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. शार्लट स्वतः बाजू मांडते ती अशी, की कोळ्यांनी किडे खाल्ले नाहीत तर ते वाढून जग व्यापतील. नवव्या प्रकरणात ती पायाच्या सात भागांची नावं घडाघडा सांगते. ती शास्त्रीय नावं आहेत आणि खरी आहेत. व्हाइट यांनी कोळ्यांवरचे ग्रंथ अभ्यासून हे लिहिलं. शार्लट ज्या जातीची आहे ती गोठ्या-कोठारांत जाळं विणणारी जात खरोखर आहे, आणि तिच्या नावातला 'कॅव्हॅटिका' हा शब्द त्या जातीच्या शास्त्रीय नावावरूनच आला आहे. सात नावं मराठीत आणायचा खटाटोप करू नका. मंत्रासारखी म्हणून दाखवा. पाठ करायला मुलांना आवडतात.

तेराव्या प्रकरणाआधी, ज्यात शार्लट रात्री शब्द विणते, जाळं कसं बनतं ते हातानं करून पाहणं फार उपयोगी. वर्गात बारा खुर्च्या तीन मीटर व्यासाच्या वर्तुळात, पाठी आतल्या बाजूला करून मांडा. सुतळी ३० मीटर आणि जाड लोकर ४० मीटर लागते. आधी बाहेरची चौकट सुतळीनं खुर्च्यांच्या पाठींना बांधा, मग मध्यापासून बारा आरे, सगळे ताणून. त्यानंतर लोकर बाहेरून आत फिरवत आणा, प्रत्येक आऱ्याला एक वेढा, गाठ नको. सहा फेरे होतात. आरे सैल राहिले की लोकर लोंबते आणि सगळं गबाळं दिसतं. म्हणून मुलांच्या हाती दोऱ्या देऊ नका, हात दोन मिनिटांत ढिले पडतात. प्रत्येक खुर्चीवर एकेक मूल बसवा, म्हणजे ओढीनं खुर्ची सरकत नाही. मग सांगा: कोळीण पहिला धागा वाऱ्यावर सोडते, तो पलीकडं चिकटला की त्याचा पूल होतो. चौकट आणि आरे कोरडे असतात. मग ती मधून बाहेर एक तात्पुरती कोरडी वेटोळी घालते, आणि शेवटी बाहेरून आत येत चिकट वेटोळी विणताना ती तात्पुरती काढून टाकते. तिचा स्वतःचा पाय अडकत नाही, कारण ती बहुतेक कोरड्या धाग्यांवरून चालते आणि चिकट धाग्याला पायाचा अगदी थोडा भाग लागू देते.

त्याच आठवड्यात सकाळी लवकर वेताळ टेकडीवर किंवा पर्वती-पाचगाव टेकडीवर न्या. सातच्या आत, दव असताना. ऊन चढलं की जाळी दिसेनाशी होतात. पाण्याचा बारीक फवारा मारणारी बाटली बरोबर ठेवा; पावडर उडवू नका, जाळं निकामी होतं. झुडपांत कमरेच्या उंचीवर सिग्नेचर स्पायडर शोधा. ही मादी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून, पाय जोडीजोडीनं जुळवून फुलीसारखी बसते, आणि त्या फुलीच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी विणते. सही केल्यासारखी दिसते म्हणून हे नाव. ती नक्षी कशासाठी याची शास्त्रज्ञांनी वेगवेगळी कारणं सुचवली आहेत: कीटकांना भुलवणं, पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून इशारा. 'कोळीण लिहिते' हे एवढं जवळून पाहिलेल्या मुलांना अकराव्या प्रकरणातली धुक्याची सकाळ पुन्हा आठवते. हात लावायचा नाही, जाळ्याच्या मागून डोकावायचं, एका जाळ्यापाशी एका वेळी चार जणच.

जाळ्यातले चार शब्द, 'सम पिग', 'टेरिफिक', 'रेडिअंट' आणि 'हंबल', फळ्यावर इंग्रजी अक्षरांतच लिहा, कारण चित्रात ते तसेच दिसतात. खाली मराठी अर्थ एका ओळीत द्या आणि पुढं चला. मुलांना खरी गंमत वाटते ती शब्द कसे निवडले जातात यात. टेम्पल्टन उकिरड्यावरून कागदाचे कपटे आणतो. 'क्रंची' बाद होतो, कारण झुकरमनला कुरकुरीत मांस आठवेल. 'रेडिअंट' साबणाच्या खोक्यावरून येतो. एका बैठकीत वर्गात बिस्किटांचे, साबणाचे, मसाल्यांचे रिकामे वेष्टन-कागद आणा आणि विल्बरसाठी शब्द शोधू द्या. अट एकच: तो शब्द वाचून शेतकऱ्याला भूक लागता कामा नये.

मधल्या भागात एक छोटा संवाद घाईत निसटतो. चौदाव्या प्रकरणात फर्नची आई डॉक्टर डोरियन यांना विचारते की जाळ्यात शब्द उमटले याचा अर्थ काय. ते म्हणतात की शब्दांचं सोडा, जाळं हेच आश्चर्य आहे, कोळ्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. वर्गानं आधी सुतळीचं जाळं केलं असेल तर या बोलण्याचं वजन त्यांना कळतं. नसेल तर ते भाषण वाटतं.

जत्रेची प्रकरणं सोपी जातात. अमेरिकेतली ती जत्रा म्हणजे अर्धी आपली जत्रा, अर्धं कृषी प्रदर्शन: पाळणे, खाऊच्या टपऱ्या, आणि जनावरांना बक्षिसं. भीमथडी जत्रा किंवा मोशीचं किसान प्रदर्शन पाहिलेल्या मुलांना एवढं सांगून भागतं. विसाव्या प्रकरणात खास बक्षीस मिळतं, पंचवीस डॉलर आणि ब्राँझचं पदक, विल्बर भोवळ येऊन पडतो आणि टेम्पल्टन त्याची शेपटी चावून त्याला शुद्धीवर आणतो. मोठ्यानं, जोरात वाचा. मुलांनी पोट धरून हसलं पाहिजे. पुढच्या दिवशी काय येणार आहे हे लक्षात घेऊन या हसण्यात काटकसर करू नका.

याच भागात फर्न बदलते. तिला आता हेन्री फसी या मुलाबरोबर आकाशपाळण्यात बसायचं असतं. बक्षिसाच्या वेळी तिचं मन तिकडंच. पाचवीतल्या मुली तिच्यावर रागावतात. तिची बाजू घेऊ नका, तिला बोलही लावू नका. ती मोठी होतेय, एवढंच लेखकानं दाखवलंय.

शार्लट मरणार याची खूण पुस्तक आधीच देतं. पंधराव्यात ती अंड्यांची पिशवी विणायची आहे म्हणते, एकोणिसाव्यात पिशवी होते, ५१४ अंडी, आणि ती थकलेली असते. एखाद्या मुलानं सिनेमा पाहिलेला असतो आणि ते मधेच 'ती मरते' असं ओरडून सांगतं. त्याला रागावू नका. 'हो' म्हणा. पुस्तकाचं त्यानं काही बिघडत नाही. उलट खोटं 'बघू या हं' म्हणालात तर पुढं तुमचा शब्द उरत नाही.

एकविसाव्याची तयारी. वर्गात कुणाच्या घरी गेल्या वर्षभरात मृत्यू झाला आहे का ते आधी माहीत करून घ्या, त्या पालकांशी बोला, आणि त्या मुलाला खासगीत सांगा की उद्याच्या भागात शार्लट मरते, तुला बसायचं तर बस, नाहीतर ग्रंथालयात बस. बहुतेक मुलं बसतातच, पण ठरवायचं त्यांनी. वाचन शेवटच्या तासाला ठेवू नका. व्हॅन खाली हॉर्न वाजवतेय आणि मूल डोळे पुसत दप्तर भरतंय, यासारखं वाईट काही नाही. सकाळचा तास घ्या, वाचनाला २५ मिनिटं आणि नंतर ३० मिनिटं मोकळी. तुम्ही आदल्या रात्री ते मोठ्यानं तीनदा वाचा. आवाज कापणारच असेल तर घरी कापू दे, म्हणजे वर्गात वाक्यं पूर्ण होतात. वर्गात डोळे भरून आले तर थांबा, पाणी प्या, पुढं वाचा; मुलांना त्याची भीती वाटत नाही. ती घाबरतात ती तुम्ही पुस्तक मिटून विषय बदललात तर.

प्रकरणात क्रम असा: शार्लट सांगते की मी कोठारात परतणार नाही, एक-दोन दिवसांत मी नसेन, विल्बरला परत नेणाऱ्या पेटीत उतरण्याइतकंही बळ उरलेलं नाही. विल्बर आकांत करतो. मग त्याला पिशवी आठवते. टेम्पल्टनला आयुष्यभर डोणीतलं आधी खायला देईन असं वचन देऊन तो ती काढवून घेतो आणि स्वतःच्या जिभेवर ठेवून नेतो. तोंड बंद, म्हणून निरोपाचा शब्दही बोलता येत नाही; तो शार्लटला डोळा मिचकावतो. ही जागा सावकाश वाचा. त्यानंतर एकच परिच्छेद उरतो, रिकाम्या होत चाललेल्या जत्रेच्या मैदानाचा. दुसऱ्या दिवशी ती मरते, आणि प्रकरणाचं शेवटचं वाक्य सांगतं की मरताना तिच्यापाशी कुणीही नव्हतं. हा परिच्छेद सांगू नका, वाचा. मराठीत आधी नीट लिहून काढा, चार-पाच वाक्यं, एकही विशेषण न वाढवता, आणि कागदावरून वाचा. ऐन वेळी सुचलेल्या मराठीत 'बिचारी' शिरतं, 'देवाघरी गेली' शिरतं. व्हाइट यांनी हे शब्द वापरलेले नाहीत.

वाचून झालं की पुस्तक मांडीवर ठेवा आणि गप्प बसा. एक मिनिट, दीड मिनिट. कुणीतरी बोलतंच. पहिला प्रश्न बहुधा असतो, 'पण कुणी का नव्हतं?' उत्तर असं: सगळे घरी गेले होते, विल्बरला नेलं होतं, आणि ती इतकी लहान होती की तिथं कोळीण आहे हे इतर कुणाला माहीतच नव्हतं. 'कोळी अंडी घातल्यावर मरतात का?' तिच्या जातीच्या मादीचं आयुष्य साधारण तेवढंच असतं, हिवाळ्याच्या तोंडी ती मरते आणि पिल्लं वसंतात बाहेर येतात. 'ती तारा झाली का?' असं एखादं विचारतं, घरी कुणी तसं सांगितलेलं असतं. नाही म्हणून मोडू नका. पुस्तकात काय झालं ते उद्या वाचू म्हणा. रडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर नेऊ नका, त्यात रडणं ही चूक ठरते. शेजारी बसवा. चित्र काढायला कोरे कागद ठेवा, विषय देऊ नका.

दुसऱ्या दिवशी बाविसावं. हिवाळाभर विल्बर पिशवी सांभाळतो, वसंतात पिल्लं बाहेर येतात, आणि मग त्याच्यावर दुसरा घाव बसतो: पिल्लं धाग्याचे फुगे करून वाऱ्यावर निघून जातात. मुलांना वाटलेलं असतं की आता सगळं भरून निघणार. ती निराशा त्यांना होऊ द्या, कारण लगेच तीन पिल्लं राहिल्याचं कळतं, जॉय, अरानिया आणि नेली. धाग्यावर तरंगत जाणं ही कोळ्यांची खरी रीत आहे. व्हाइट यांनी आपल्या कोठारातली अशी एक पिशवी कापून खोक्यातून न्यूयॉर्कला नेली होती आणि ती पिल्लं तिथं त्यांच्या खोलीत बाहेर पडली होती. हे मात्र मुलांना जरूर सांगा, बाविसावं संपल्यावर.

तात्पर्य विचारू नका. प्रश्नपत्रिका, गाळलेल्या जागा, 'शार्लटचे गुण लिहा' यातलं काहीही नको. मुख्याध्यापकांना नोंद हवी असेल तर डोणीची यादी आणि टेकडीवरच्या निरीक्षणांची पानं दाखवा, ती पुरतात.

सिनेमा आधी नको. १९७३ चा कार्टूनपट आणि २००६ चा, ज्यात डकोटा फॅनिंग फर्न झाली आहे आणि शार्लटला जुलिया रॉबर्ट्सचा आवाज आहे, असे दोन आहेत. कार्टूनपटात गाणी आहेत आणि पुस्तकात नसलेलं हंसाचं एक पिल्लू घातलंय. दोन्हींत शार्लटला चेहरा आहे. गार्थ विल्यम्स यांनी तिला चित्रात कोळीणच ठेवलं. वाचन संपल्यावर पंधरा दिवसांनी, मुलांनी मागितला तर, २००६ चा दाखवा, इंग्रजी संवाद चालू ठेवून. मधे न थांबवता.